आमच्या मंडळाची नोंदणी : पंधरा महिन्यांचा हिशेब

ठाण्यात दर रविवारी दुपारी आम्हा काही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या, स्त्रियांचा एक वर्ग भरतो. पहिला पाऊण तास सांध्यांचे व्यायाम आणि श्वसन, त्यानंतर मराठी धर्मगीते आणि शेवटी हातकाम, म्हणजे शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीदिनाच्या) पावावर झाकायच्या वस्त्राचे भरतकाम किंवा हिब्रू अक्षरांचे रेखाटन, असा त्याचा क्रम असतो. शिकवणाऱ्या आम्ही तिघी. माझी चुलत नणंद फिजिओथेरपिस्ट आहे, मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहे आणि गीते शिकवतात त्या माझ्या यजमानांच्या आत्या, ज्यांना आम्ही सगळ्याच आत्याबाई म्हणतो. हा वर्ग संस्था म्हणून रीतसर नोंदवायला आम्हाला फेब्रुवारी 2024 ते एप्रिल 2025 असे पंधरा महिने लागले. सुरुवात केली तेव्हा कुठला कागद कशासाठी लागतो हे सांगणारे जवळपास कोणी नव्हते आणि त्या अनिश्चिततेने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. एखाद्या लहान गटातल्या बायकांना हेच करायचे असेल, तर त्यांची निदान तेवढी तरी झोप वाचावी म्हणून हे सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

वर्गाचे मूळ 2020 च्या टाळेबंदीत आहे. प्रार्थनालय बंद होते (आमच्या जुन्या पिढीच्या तोंडी त्याला मशीद म्हणण्याचीच रीत आहे) आणि एकट्या राहणाऱ्या आत्याबाई संध्याकाळी आम्हाला फोन करून अब्राहामाची, योसेफाची पदे म्हणून दाखवत असत. मराठीतून कीर्तन करण्याची प्रथा आमच्या समाजात 1880 च्या दशकात मुंबईत सुरू झाली. तिच्यात तोराह या आमच्या धर्मग्रंथातल्या कथा साकी, दिंडी, आर्या अशा आपल्या ओळखीच्या वृत्तांत आणि चालींत बांधलेल्या असतात. पुढे कीर्तनकार कमी होत गेले आणि ही पदे प्रामुख्याने स्त्रियांच्या गळ्यात उरली. आत्याबाईंकडे त्यांच्या आईची वही आहे. तिच्यात एका बाजूला मराठी पदे आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत लिहिलेल्या हिब्रू प्रार्थना आहेत. ती वही नीट उतरवून घ्यावी एवढ्याच हेतूने आम्ही चौघीपाचजणी जमू लागलो. नणंद त्याच बैठकीत सगळ्यांची गुडघेदुखी पाहू लागली, मी मुलींना अक्षरे काढायला शिकवू लागले आणि दोन-तीन वर्षांत संख्या पंचवीसपर्यंत गेली.

25 जानेवारी 2024 रोजी तू बिश्वात हा झाडांचा सण होता, ज्याला आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाचा) उरूस म्हणतात. त्या निमित्ताने आम्ही बस करून अलिबाग तालुक्यातल्या सागावजवळच्या खंडाळ्याला गेलो. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या आणि घोड्यांच्या आहेत अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. पोहे, ओले खोबरे, गूळ, सुकामेवा आणि फळे यांचे मलिद्याचे ताट तयार करताना आत्याबाईंनी नव्या मुलींना पोहे किती भिजवावेत, ताटात काय कुठे ठेवावे आणि कोणत्या वस्तूवर कोणती बराखा (आशीर्वचन) म्हणावी हे सारे तासभर समजावून सांगितले. परतीच्या वाटेवर मात्र बसभाड्याच्या हिशेबावरून अवघडलेपण आले. सगळ्यांचे पैसे माझ्या वैयक्तिक खात्यात जमा झाले होते, त्यांतून खर्च मीच केला होता आणि पावती कोणाकडेच नव्हती. कोणी काही बोलले नाही, तरी मला ते बरे वाटले नाही. पुढच्याच आठवड्यात बँकेत चौकशी केली, तेव्हा नोंदणीशिवाय मंडळाच्या नावाने खाते उघडता येणार नाही असे कळले आणि वर्गासाठी नियमित सभागृह हवे असल्यास संस्थेच्या नावाचे पत्र द्यावे असा सल्ला इतरांकडूनही मिळाला.

11 फेब्रुवारी 2024 रोजी माझ्या घरी पहिली सभा झाली. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली किमान सात सभासद लागतात. पंचवीस जणींतून सात नावे सहज मिळतील असे मला वाटले होते, पण प्रत्यक्षात तसे झाले नाही. काहींच्या मुलांनी आईला सरकारी कागदांवर सही करण्यापासून परावृत्त केले, दोघी लवकरच इस्रायलला मुलांकडे जाणार होत्या आणि एकीने सांगितले की आपल्याला काहीच येत नाही, तर मंडळावर आपले काय काम. ही बाई गव्हाच्या चिकाचा हलवा असा करते की नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाचा रोश हाशाना आला की निम्मे ठाणे तिच्याकडे मागणी नोंदवते. शेवटी सात नावे जुळायला मार्च उजाडला. त्यांत दोघी पंच्याहत्तरीच्या पुढच्या होत्या.

महाराष्ट्रात संस्थेची दुहेरी नोंदणी होते हे आम्हाला वकिलांकडून कळले. आधी 1860 च्या अधिनियमाखाली संस्था म्हणून आणि मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास (ट्रस्ट) म्हणून, आणि ही दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात. वकिलांची फी 12,000 रुपये ठरली. आमच्यासारख्यांनी वकील करूच नये असे म्हणणारे अनेक भेटले आणि अर्ज स्वतः भरता येतो हेही खरे आहे, परंतु सातजणींपैकी कोणालाच नियमावली लिहिण्याचा अनुभव नसताना तो खर्च मला आजही योग्य वाटतो. वकिलांना पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की शुक्रवारी संध्याकाळनंतर आणि शनिवारी आम्ही सही करणार नाही, फोनवरही बोलणार नाही. त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली. आपल्या समाजातल्या बायकांनी ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकावी, नंतर सांगायला फार संकोच वाटतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ज्ञापनातल्या, म्हणजे संस्थेच्या मूळ घटनापत्रातल्या, एका रकान्यात. तो रकाना होता ‘संस्थेचे उद्देश’. मी एका कागदावर लिहून नेले होते, की स्त्रियांना कला, आरोग्य आणि अध्यात्म यांचे शिक्षण देणे. वकिलांनी विचारले की ही तीन वेगळ्या संस्थांची कामे आहेत, तुम्ही ती एकत्र का करता? प्रश्न वाजवी होता आणि उत्तर शोधायला मला पंधरा दिवस लागले. मला आमच्यातल्या दोन थोर स्त्रिया आठवल्या. डॉ. जेरूशा झिराड या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, बाळंतपणातले मृत्यू टाळण्यासाठी त्यांनी आयुष्यभर काम केले, 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीजस युनियन हे उदारमतवादी ज्यूंचे धर्ममंडळ उभे करण्यात पुढाकार घेतला. रिबेका रूबेन 1905 मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या, पुढे माझगावच्या आमच्या समाजाच्या शाळेच्या त्या दीर्घकाळ मुख्याध्यापिका होत्या, आणि शाळेबरोबरच त्यांनी मुलांसाठी मराठीत लेखन केले. शरीर, हात आणि प्रार्थना यांच्यासाठी वेगवेगळी दालने त्यांच्या आयुष्यात नव्हती. आमच्या घरांतही नव्हती. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालून शब्बाथच्या किद्दूश प्रार्थनेसाठी सरबत करणारी, येता-जाता दाराच्या चौकटीवरच्या मझूझाला (प्रार्थना ठेवलेल्या डबीला) हात लावून तो ओठांना टेकवणारी आणि बाळंतिणीला शेक देताना एलियाहू हन्नाबीचे पद गुणगुणणारी बाई एकच असे. शेवटी आम्ही उद्देशात लिहिले, की बेने इस्रायल स्त्रियांच्या पारंपरिक कला, गीते, पाककृती व चालीरीती यांचे जतन आणि शिक्षण, आणि त्याला जोडून स्त्रियांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यासाठी वर्ग चालवणे. ‘अध्यात्म’ हा शब्द मी स्वतःच काढला, कारण वर्गात जे घडते ते त्या शब्दापेक्षा अधिक नेमके सांगता येत होते.

खरा पेच त्यानंतर आला. हे वर्ग फक्त ज्यू स्त्रियांसाठी आहेत की सर्व स्त्रियांसाठी, असे वकिलांनी विचारले. एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्याच हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय संस्थेला आयकरातील सवलती मिळण्यात अडचण येते आणि देणगीदाराला कलम 80 जी खालची, म्हणजे देणगीवरची, करसवलतही मिळत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. सातजणींमध्ये यावरून दोन तट पडले. आमची संख्या भारतात आता थोड्या हजारांवर आली आहे, ठाण्यातही घरे कमी होत चालली आहेत, आणि दार उघडे केले तर जे जपायचे आहे तेच पातळ होईल, अशी तिघींना भीती वाटत होती. आत्याबाई त्या तिघींत होत्या. आईच्या वहीतल्या प्रार्थना कोणाही समोर बसलेल्या बाईला शिकवायच्या, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नव्हते. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे आमच्या सणांना मदतीला येणाऱ्या शेजारणी होत्या, ज्यांना आम्ही कधी दाराबाहेर ठेवले नव्हते.

या वादात एप्रिल सरला. 22 एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह सुरू झाला आणि आठ दिवस आम्ही कागदांना हात लावला नाही. सणानंतरच्या सभेत आत्याबाईंनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, “प्रार्थना मशिदीत राहतील, त्या शिकवायला मंडळ नको. पदं आणि मलिदा मात्र जी मागेल तिला शिकवू.” वकिलांनी हेच कायद्याच्या भाषेत उतरवले. वर्ग सर्व स्त्रियांसाठी खुले, उपासना हा संस्थेचा उद्देश नाही. प्रार्थनांची वही आजही आम्ही प्रार्थनालयात, वेगळ्या वेळी उतरवून घेतो.

कागदपत्रांची यादी अशी होती : ज्ञापन, नियमावली, कार्यकारी मंडळाची नाव, वय, पत्ता, व्यवसाय आणि सह्यांसह यादी, प्रत्येकीचे संमतिपत्र, अर्ज करणारीला दिलेले अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रांच्या प्रती आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या जागेचा पुरावा. पत्ता माझ्या घराचा दिला. त्यासाठी यजमानांचे ना-हरकत पत्र आणि वीज देयक लागले. आमच्या गृहनिर्माण संस्थेलाही मी लेखी कळवून ठेवले, जे सक्तीचे नव्हते पण पुढे टपाल येऊ लागल्यावर उपयोगी पडले. सह्या घेताना प्रत्येक पानावर, प्रत्येक प्रतीवर घ्याव्यात. आम्ही पहिल्या खेपेस एका पानावर एक सही विसरलो आणि त्या एका सहीसाठी मला भर उन्हात मुलुंडला जावे लागले. व्यवसायाच्या रकान्यात सातपैकी चौघींनी ‘गृहिणी’ लिहिले. आत्याबाईंनीही. ‘संगीत शिक्षिका’ लिहा, असे मी सुचवले, पण त्यांनी नकार दिला आणि मी आग्रह धरला नाही.

20 मे रोजी ठाण्यात लोकसभेचे मतदान होते आणि निवडणुकीच्या त्या काळात कार्यालयीन कामे मंदावली होती, त्यामुळे अर्ज प्रत्यक्ष दाखल झाला तो 18 जून 2024 रोजी. अर्ज ऑनलाइन भरून मूळ कागद कार्यालयात द्यावे लागले. जुलैमध्ये पहिली त्रुटी निघाली. आम्ही दिलेले नाव एका आधीच्या संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते होते. पर्यायी नावे आम्ही दिलीच नव्हती, ही आमची चूक. सुरुवातीलाच तीन-चार नावे पसंतीक्रमाने लिहून द्यावीत. नवे नाव ठरवून सुधारित ज्ञापन तयार होईपर्यंत ऑगस्ट आला. 13 ऑगस्टला तिशा ब’आव हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा उपास होता, म्हणजे आमचा बिरड्याचा सण. त्या दिवशी उपासानंतर मोड आलेल्या वालांचे बिरडे खाताना मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले की हे होणार नाही, सोडून देऊ या. कोणीच मला समजावले नाही. नणंदेने फक्त सुधारित कागदांचे पाकीट माझ्या हातातून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन स्वतः जाऊन दिले. दीर्घ कामात एकाच व्यक्तीने सगळे कागद सांभाळू नयेत, हे मी त्या दिवशी शिकले.

19 सप्टेंबर 2024 रोजी संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र मिळाले. नव्याचा सण दोन आठवड्यांवर होता आणि तो आम्ही फार आनंदात साजरा केला.

न्यास नोंदणीचा अर्ज, ज्याला सगळे शेड्यूल टू म्हणतात, त्याच्या छाननीत आत्याबाईंच्या नावाचा प्रश्न निघाला. आमच्या समाजात पूर्वी आडनावाचा आग्रह नव्हता. अनेकजण वडिलांचे किंवा आजोबांचे नाव आडनावासारखे लावत आणि गावावरून आलेले ‘-कर’ आडनाव घरात असूनही कागदावर कधी येई, कधी येत नसे. आत्याबाईंच्या मतदार ओळखपत्रावर सासऱ्यांचे नाव आडनाव म्हणून होते, आधार कार्डावर ‘-कर’ आडनाव होते आणि पॅन कार्डावर त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग निराळे होते. तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. जूनमध्ये पहिले प्रतिज्ञापत्र आम्ही 100 रुपयांच्या मुद्रांकावर केले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ही किमान रक्कम 500 रुपये झाली, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये हे दुसरे त्या दराने करावे लागले. नोटरीचे पैसे निराळे. बेने इस्रायल कुटुंबांतल्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे, की कुठलाही अर्ज करण्याआधी घरातल्या वृद्धांची तिन्ही ओळखपत्रे समोरासमोर ठेवून नावे तपासावीत आणि फरक असल्यास आधीच दुरुस्त करून घ्यावीत. आत्याबाईंना त्या वयात आपण आपणच आहोत असे शपथेवर सांगावे लागले, याचे मला वाईट वाटले. त्या स्वतः मात्र शांत होत्या. नोटरीच्या बाकावर वाट पाहत त्यांनी शेजारच्या मुलीला बिरड्याची कृती सांगितली.

20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि त्यानंतर काम पुन्हा वेगाने सरकू लागले. 22 जानेवारी 2025 रोजी चौकशीसाठी अध्यक्ष आणि सचिव अशा आम्हा दोघींना बोलावले. मनात भीती होती, पण विचारले ते साधेच : निधी कुठून येणार, सुरुवातीची रक्कम किती, वर्ग कोण घेते, फी किती. सुरुवातीचा निधी आम्ही 7,000 रुपये दाखवला होता, प्रत्येकीचे 1,000. तिथले एक वयस्क कर्मचारी कागद पाहून म्हणाले, “म्हणजे तुम्ही शनिवार तेली ना? आमच्या रेवदंड्याला तुमची बरीच घरं होती.” आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून पडलेले हे नाव त्या दालनात, त्यांच्या तोंडून आपुलकीने ऐकताना मला भरून आले. 27 फेब्रुवारीला आदेश झाला आणि 12 मार्च रोजी न्यासाचे प्रमाणपत्र हाती पडले. संस्था असलेल्या न्यासाचा क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. दोन दिवसांनी, 14 मार्चला पुरिम होता, त्याच दिवशी धुळवडही होती. आमच्या जुन्या बायका पुरिमला होळीचा सणच म्हणतात.

राहिलेली कामे तुलनेने सोपी होती. संस्थेच्या पॅन कार्डासाठी 107 रुपये लागले आणि कार्ड 4 एप्रिलला आले. पेसाहच्या सुट्ट्या धरून बँक खाते 23 एप्रिलला उघडले. तीनपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार होईल असा ठराव केला होता, आणि एक सही बाहेरगावी असतानाही काम अडत नाही हा त्याचा फायदा. आयकर नोंदणीसाठी फॉर्म 10 ए ऑनलाइन भरला, त्यावर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळाली. वकील, टंकलेखन, झेरॉक्स, मुद्रांक, नोटरी आणि प्रवास धरून एकूण खर्च 17,640 रुपये झाला. तो सातजणींनी वाटून घेतला. यापुढे दरवर्षी हिशेब तपासून घेऊन सादर करावे लागतील, त्याची फी वेगळी काढून ठेवतो.

27 एप्रिल 2025 च्या रविवारी संस्थेच्या नावाने पहिला वर्ग भरला. एकोणीसजणी आल्या होत्या, त्यांतल्या चौघी ज्यू नव्हत्या. नणंदेने खुर्चीत बसून करायचे खांद्यांचे व्यायाम घेतले. आत्याबाईंनी योसेफाचे एक पद साकीत शिकवले, आणि हिब्रू नावे मराठी चालीत बसवताना मात्रा कुठे ओढायची हे टाळी देऊन दाखवले. मी ‘शालोम’ या शब्दातले शीन अक्षर रेखाटायला दिले. पावती पुस्तकावरची पहिली पावती 50 रुपयांची होती.

ऑगस्टमध्ये सातजणींपैकी एक इस्रायलमधल्या अश्दोदला मुलीकडे कायमची गेली. आमच्याकडे हे घरोघरी होते, तरी प्रत्येक वेळी सभागृहात एक खुर्ची रिकामी दिसतेच. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि नियमावलीप्रमाणे कार्यकारी मंडळात सातजणी हव्यात. 14 सप्टेंबरच्या सभेत नावे मागवली. समाजातल्या तिघींना विचारून झाले होते आणि तिघींनी अडचणी सांगितल्या होत्या. तेव्हा आत्याबाईंनी आमच्या इमारतीतल्या, मूळच्या चौलच्या शेजारणीचे नाव सुचवले. तिने एप्रिलपासून एकही रविवार चुकवला नव्हता आणि साकीतले ते पद तिला वर्गात सर्वांत आधी पाठ झाले होते. ठराव एकमताने मंजूर झाला आणि 29 सप्टेंबरला अर्ज दाखल केला. त्याला जोडलेल्या ठरावाच्या प्रतीवर सूचक म्हणून आत्याबाईंची सही आहे, आधार कार्डावर आहे तशी, ‘-कर’ आडनावासह, पूर्ण नावाने.